अडत्याचा धनी कोण?

हिंगणघाटच्या बाजारांत कापसाची गाडी अडत्याच्या दारीं सोडून आमचे शेतकरी बंधु मागून म्हणतात, "आम्हीं कोठें कांहीं लिहून दिलें?" आम्ही म्हणतों, बाबांनो, लिहावें लागतच नाहीं! १८७२ च्या कराराच्या कायद्याप्रमाणें मुखत्यारी तोंडच्या शब्दानें होते, नुसत्या वागणुकीनेंहि होते. न विचारतां केलेला सौदा सारें कळल्यावर पत्करलात, तर तोहि तुमच्याच माथीं. पण त्याच कायद्यानें धनी तुम्ही, अडत्या तुमचा मुखत्यार. मागाल तेव्हां त्यानें हिशेब द्यावा. तुमच्या संमतीवांचून माल स्वतःच घेऊं नये. म्हणून गाडी सोडण्यापूर्वीं चौघांदेखत भाव सांगा, आणि पट्टी शाळेंत जाणाऱ्या पोरीकडून वाचून घ्या. धन्यानें धन्यासारखें वागावें!