पेग तुमचा, पाणी कुणाचं?

मंडळी, स्कॉच विकणाऱ्यांची एक सवय मला मनापासून आवडते. ते पाण्याचं नाव घेतात. ग्लेनलिव्हेट म्हटलं की जोसीची विहीर, लॅफ्रोएग म्हटलं की किलब्राइडचा ओढा. ग्लेनमॉरेंजीवाल्यांनी तर टार्लोगीच्या झऱ्याला धक्का लागू नये म्हणून भोवतालची जमीनच विकत घेतली. यात मार्केटिंग आहेच हो, पण निदान पाणी कुठून येतं ते कळतं तरी.

आता आमच्याकडे या. मध्यंतरी संभाजीनगरातल्या एका हॉटेलात नव्या देशी 'स्मोकी' सिंगल माल्टच्या लाँचला गेलो होतो. (ब्रँडचं नाव सांगणार नाही, फुकटची जाहिरात कशाला?) निम्मी गर्दी वाळूज एमआयडीसीची. प्लँट हेड, पर्चेसवाले, व्हेंडर आणि आमच्यासारखे दोन-चार आयटीवाले. पाच रुपयांत एक दिवसाचा परवाना मिळतो आणि कायद्याचं नाव अजूनही 'दारूबंदी अधिनियम, १९४९'. असो.

जॅकेटवाला साहेब अर्धा तास फक्त धुरावर बोलला. बार्ली भिजवायची, मोड आणायचे, मग वाळवताना खालून पीट जाळायचं. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचत गेलेल्या वनस्पतींचा थर. तो धूर दाण्यात मुरतो आणि फिनॉलच्या पीपीएममध्ये मोजला जातो. आपल्याकडे धुराची ही परंपरा नाही, म्हणून बंगळुरूचं अमृत असो की गोव्याचं पॉल जॉन, धूर स्कॉटलंडहूनच येतो. एक जण धुरावलेली बार्ली मागवतो, दुसरा पीट. माझी त्यावर काही तक्रार नाही. अमृतवाल्यांनी २००४ मध्ये थेट ग्लासगोत जाऊन आपली सिंगल माल्ट विकायला काढली, याला छाती लागते राव. आणि त्या संध्याकाळचा मालही झकास होता, खोटं कशाला बोलू.

प्रश्नोत्तरांत मी विचारलं, "पाणी कुठलं?"

"सर, डीएम वॉटर. एकदम न्यूट्रल."

म्हणजे क्षार काढून टाकलेलं. बघा हं, धुराला गाव आहे, पिंपाला देश आहे, पाण्याला मात्र काहीच नाही. अल्कोहोल ४६ टक्के धरलं तरी अर्ध्याहून जास्त बाटली पाणीच ना?

वाळूजच्या माणसाला तरी पाणी 'न्यूट्रल' वाटू नये. इथल्या बिअर कारखान्यांचं पाणी जायकवाडीचं. एकूण १०२ टीएमसीचं धरण, त्यातलं साधारण २६ टीएमसी मृतसाठा. २०१६ च्या उन्हाळ्यात उपयुक्त साठा शून्यावर आला होता. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं ते हेच वर्ष. वाळूजची बॉटलिंग लाइन मात्र चालू होती! शेवटी एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातल्या मद्य कारखान्यांचं पाणी आधी ५० टक्के आणि १० मेपासून ६० टक्के कापायचा आदेश दिला. जे काम पाटबंधारे खात्याने आणि एमआयडीसीने बसून करायचं, त्यासाठी कोर्टात जावं लागलं.

यावर ठरलेलं उत्तर येतं : ऊस बघा किती पितो, दारूचं पाणी त्यापुढे किस झाड की पत्ती. ऊस कितीतरी जास्त पितो, कबूल. पण साहेब, आपल्याकडची स्वस्त 'व्हिस्की' बरीचशी कशावर उभी आहे? मळीच्या स्पिरिटवर. आणि मळी काय आभाळातून पडते? उसाचं पाणी वेगळ्या खात्यात टाकून स्वतःचा हिशोब हलका दाखवायचा, ही चलाखी आमच्या प्रोजेक्टमध्ये केली तर ऑडिटर बाहेर काढेल. दुसरं उत्तर रोजगाराचं आणि अबकारी कराचं. तेही खरं. पण रोजगार मिळालेला तोच कामगार रांजणगावात भाड्याच्या खोलीत राहतो आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघतो, त्याचं काय?

मला दारूबंदी नकोय. (मग मी तिथे गेलोच नसतो :-)) मला लेबलवर दोन ओळी हव्यात. पाणी कुठल्या धरणाचं किंवा कुठल्या बोअरचं, आणि एक लिटर मालामागे एकूण किती लिटर लागलं. बिअरवाले हा दुसरा आकडा मोजतातच, चांगल्या प्लँटलाही लिटरमागे तीन-चार लिटर लागतं. 'मद्यपान आरोग्यास हानिकारक आहे' छापायला २०१९ पासून जागा सापडलीच ना? मग हेही मावेल.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणी वाळूज-शेंद्र्याच्या ब्रुअरीत किंवा डिस्टिलरीत असेल, तर सोमवारी कामावर गेल्यावर इनलेटच्या मीटरचा आकडा बघा आणि लाँचला साहेब आले की त्यांना तो सर्वांसमोर विचारा.