मैदान आणि सभागृह

पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांनी ऑगस्ट २०११ मध्ये भ्रष्टाचाराच्या तक्रारी तपासणाऱ्या लोकपालाच्या कायद्यासाठी दिल्लीच्या रामलीला मैदानावर उपोषण मांडले, तेव्हा कायदे संसदेत होतात, मैदानात नव्हे, असा आक्षेप आला. तो अर्धाच खरा आहे. कायदा संमत करणे सभागृहाचेच काम. पण कोणता प्रश्न कधी घ्यायचा, याचाही मक्ता सभागृहाकडेच राहिला की काय होते? लोकपालाचे पहिले विधेयक १९६८ चे. पुढची विधेयके बहुतेक लोकसभेच्या विसर्जनाबरोबर बारगळली. याला कार्यपद्धतीचा आदर म्हणायचे, तर चालढकल कशाला म्हणायचे?

पण म्हणून आंदोलकांचे सगळेच बरोबर ठरत नाही. आपलाच मसुदा, तोही ३० ऑगस्टच्या आत मंजूर करा, ही मागणी सभागृहाला शिक्कामोर्तबापुरते उरवणारी होती. मुदत अर्थातच टळली. २७ डिसेंबरला लोकसभेने विधेयक संमत केले. २९ डिसेंबरच्या मध्यरात्री राज्यसभा मतदानाविनाच उठली, आणि त्याच रात्री एका सदस्याने विधेयकाची प्रत फाडली. (मैदानाला शिस्त शिकवणाऱ्यांनी हे दृश्य आठवावे.) पुढे मे २०१२ मध्ये विधेयक राज्यसभेच्या प्रवर समितीकडे गेले. राज्यांचे लोकायुक्त केंद्राच्या कायद्याने लादू नयेत, हा संघराज्याचा रास्त मुद्दा तिथे मार्गी लागला. घोषणांच्या गर्दीत तो लागला नसता. डिसेंबर २०१३ मध्ये राळेगणला पुन्हा उपोषण सुरू झाले. १७ तारखेला राज्यसभेने, १८ला लोकसभेने विधेयक संमत केले. जुन्या सहकाऱ्यांनी नावे ठेवली तरी अण्णांनी हा बदललेला मसुदा स्वीकारला. उपोषणाने विषय जिवंत ठेवला, समितीने कायद्याला आकार दिला. यातले एक वगळून दुसऱ्याला श्रेय देता येत नाही.

इथे डॉ. आंबेडकरांचा दाखला दिला जातो. सनदशीर मार्ग मोकळे असताना सत्याग्रहाचे समर्थन होऊ शकत नाही, असे त्यांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बजावले होते. इशारा शिरोधार्यच, पण मार्ग मोकळे असणे ही त्यातलीच अट आहे. १ जानेवारी २०१४ ला राष्ट्रपतींची मोहोर उमटली, तरी लोकपाल नेमले गेले नाहीत. कारण निवड समितीत विरोधी पक्षनेता हवा आणि लोकसभेत तसा मान्यताप्राप्त नेताच नाही, असे सांगितले गेले. नियमाचा आधार घेऊन कायदाच निजवण्याचा हा प्रकार. समितीतली जागा रिकामी असली तरी नेमणूक अडत नाही, हे एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. तरीही पहिले लोकपाल नेमायला मार्च २०१९ उजाडला. त्याआधी, जानेवारीच्या अखेरीस, राळेगणला आणखी एक उपोषण सुरू झाले होते.