साठ फुटांचं थोतांड

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीची मीटिंग झाली. करी रोड स्टेशनपासून पाच मिनिटांवर, जुनी चाळ पाडून उभा केलेला वीस मजली टॉवर. चाळीत होतो तेव्हा पाण्यावरून भांडणं व्हायची, आता पाणी वर चढवण्याच्या बिलावरून होतात. तर मीटिंगला एक विक्रेता आला होता, टाय-बिय लावून. म्हणाला, तुमच्या पंपांना व्हीएफडी बसवा, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करता येईल. वेग निम्मा केला की वीज एक-अष्टमांश! "घनाचा नियम आहे सर, फिजिक्स आहे." मंडळी खूश. सेक्रेटरी काका माझ्याकडे वळले, "तू इंजिनियर ना रे? बरोबर आहे का हे?"

नाही काका, बरोबर नाही.

आमच्याकडे दिवसाला साधारण ५०,००० लिटर पाणी ७० मीटर वर जातं असं धरा. नुसतं वजन उचलायलाच साडेनऊ युनिट लागतात. हे गुरुत्वाकर्षणाचं बिल, त्यात डिस्काउंट नाही. पंप आणि मोटर मिळून कार्यक्षमता ५०% धरली तर १९ युनिट. घनाचा नियम खरा आहे, पण तो पाणी फक्त पाइपच्या घर्षणाशी झगडत असेल तिथे. इथे झगडा उंचीशी आहे. वेग निम्मा केला की पंपाचा दाब पावपट होतो. म्हणजे पाणी सहाव्या-सातव्या मजल्यापर्यंत चढेल आणि तिथेच लोंबकळत राहील. वीज वाचेल खरी, वरच्या टाकीत थेंब नसेल :-) त्यापेक्षा ६५% कार्यक्षमतेचा पंप घ्या, तेच काम १५ युनिटच्या आत होईल.

विक्रेत्याने चहा न घेताच निरोप घेतला. घरी येताना मला मात्र जरा लाज वाटत होती. कारण तो जे तोंडावर सांगत होता तेच आम्ही रंगीत ग्राफ काढून सांगतो.

मी इमारतींच्या एनर्जी सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर लिहितो. आत इंजिन एनर्जीप्लस, अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचं, फुकट आणि उत्तम. आम्ही त्यावर बटणं आणि चौकटी चढवतो. इमारत उभी राहण्याआधीच वर्षाच्या ८७६० तासांत ती किती वीज खाईल ते त्यातून निघतं. करी रोडच्या पुलावर उभं राहून बघा, गिरण्यांच्या जागी काचेची ऑफिसं दिसतील. अशा इमारतीच्या काचेवर तीन-तीन आठवडे चर्चा चालते. चिलरवर आठवडाभर. पंखे आणि पंप? दोन मिनिटं. 'डिफॉल्ट ठेव रे.'

आता हे डिफॉल्ट काय आहे ते ऐका. एनर्जीप्लसमध्ये पंपाच्या हेडची चौकट रिकामी सोडली तर तिथे १,७९,३५२ पास्कल बसतात. कुठल्याही माणसाला सुचणार नाही असा हा आकडा म्हणजे पाण्याचे ६० फूट. तुमचा प्लँट तळघरात असो की गच्चीवर, पाइप शंभर मीटर असो की हजार, ६० फूट. पंपाची कार्यक्षमता ०.७८ गृहीत, मोटरची ०.९. सगळं गुणून-भागून मिनिटाला एका गॅलनमागे सुमारे १६ वॅट.

आणि तुलना कशाशी? हिरव्या प्रमाणपत्रांसाठी ॲश्रे ९०.१ चा अपेंडिक्स जी वापरतात. त्यात थंड पाण्याच्या पंपांचा बेसलाइन आकडा छापलेला आहे: २२ वॅट. तो ७५ फूट हेड आणि ६५% कार्यक्षमता धरून काढलेला. म्हणजे मॉडेलमध्ये एकाच टप्प्याचे पंप टाकून चौकट रिकामी सोडली, की पाइपची एक रेघही न ओढता पंपांवर २७% बचत! याला बचत म्हणायचं?

लोक म्हणतात, मॉडेल तुलनेसाठी असतं, बिल सांगायला नाही. चूक दोन्हीकडे सारखीच, म्हणून कटते. अहो, कटते कुठे? एका बाजूला छापील आकडा आहे, दुसऱ्या बाजूला आमचा आळस.

पंख्यांचं तर विचारूच नका. समजा एका एएचयूचा पंखा सेकंदाला १० घनमीटर हवा १००० पास्कल दाबाने ढकलतो. कार्यक्षमता ६०%, म्हणजे वीज १६.७ किलोवॅट. संध्याकाळी निम्मी हवा पुरते. घनाचा नियम म्हणतो, २.१ किलोवॅट. पण डक्टमधला सेन्सर '३०० पास्कल कायम ठेवा' म्हणून हटून बसलेला असतो. मग दाब होतो ३०० अधिक उरलेल्या ७०० चा पाव, म्हणजे ४७५. वीज जवळजवळ ४ किलोवॅट, दुप्पट! आणि फिल्टर धुळीने भरलाय, कुणीतरी ड्राइव्ह मॅन्युअलवर ५० हर्ट्झला टाकून घरी गेलाय, हे मॉडेलच्या स्वप्नातही नसतं. वर पंख्यात गेलेली वीज बहुतेक त्याच हवेत उष्णता होऊन उतरते, ती काढायला चिलर पुन्हा वीज खातो. इंजिनाचा यात दोष नाही. वक्र कुठला घ्यायचा ते त्याला आपणच सांगतो, आणि आपण गोड दिसणारा सांगतो. लॉबीत प्रमाणपत्र लागतं आणि बिल भरतो चौदाव्या मजल्यावरचा भाडेकरू.

माझे आजोबा इथल्याच एका गिरणीत ह्युमिडिफिकेशन प्लँटवर होते. कोरड्या हवेत सूत तुटतं, म्हणून मोठाले पंखे हवा ओढायचे आणि पंप तिच्यावर पाण्याचे फवारे मारायचे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, त्यानंतर ते कामावर परत गेले नाहीत. पण नोझल तुंबलेत की पट्टा सैल झालाय हे ॲमीटरच्या काट्यावरून कसं ओळखायचं, ते मला त्यांनी शाळेत असतानाच सांगितलं होतं. दर पाळीला रजिस्टरमध्ये आकडा लिहायचा, तोही काट्याकडे बघून.

असो. ती ६० फुटांची चौकट आमच्या सॉफ्टवेअरमध्ये मीच लिहिली होती, आधीच भरलेली, राखाडी रंगात, कुणी हात लावू नये अशी. सोमवारी मी ती रिकामी केली. आता हेडचा आकडा टाकल्याशिवाय रन सुरूच होत नाही. बुधवारपर्यंत तीन तक्रारी आल्या, तिन्हींचा मजकूर एकच: "आकडा काय टाकायचा ते सांगा." मी उत्तर दिलं, पाइपांचं ड्रॉइंग मागवा. एकाने खरंच मागवलं. त्याचा आकडा १०५ फूट निघाला.

उद्या सकाळी सेक्रेटरी काकांबरोबर पंपरूममध्ये उतरायचंय. क्लँप मीटर मित्राकडून आणलाय.