शिक्षण हवे? मग आधी बंदूक उचला!

अमेरिकेत कॉलेजची फी परवडत नाही अशा तरुणाला सरकार एक वाट दाखवते. नॅशनल गार्डमध्ये किंवा राखीव सैन्यात नाव नोंदवा, महिन्यातला एक शनिवार-रविवार आणि वर्षातले दोन आठवडे कवायत करा, उरलेल्या दिवसांत शिका. फीचे आम्ही पाहतो. ओहायो राज्यात गार्डमध्ये सहा वर्षांचा भरतीकरार केला की सरकारी कॉलेजची सगळी फी राज्य भरते. करार मोडला तर घेतलेले पैसे परत करावे लागतात. जॉर्जिया राज्यात ‘हिरो’ नावाची शिष्यवृत्ती आहे. ११ सप्टेंबर २००१ नंतर युद्धक्षेत्रात सेवा केलेल्या गार्डच्या व राखीव दलाच्या सैनिकांना आणि त्यांच्या मुलांना वर्षाला २,००० डॉलर, जास्तीत जास्त ८,००० डॉलर. म्हणजे आधी रणांगण, मग वर्ग!

यातही एक मेख आहे. गार्ड राज्याचा, राखीव सैनिक केंद्राचा. म्हणून अनेक राज्यांच्या योजना फक्त गार्डपुरत्या असतात. एकाच गल्लीत राहणारे, एकाच युद्धात लढलेले दोघे तरुण. एकाची फी राज्य भरते आणि दुसऱ्याला केंद्राच्या मासिक भत्त्यावर भागवावे लागते.

याला कोणी मदत म्हणते, कोणी सन्मान म्हणते. कायद्याच्या माणसाला मात्र येथे करार दिसतो. मोबदला आहे, अट आहे, अटभंगाची वसुली आहे. करार म्हटला की दिवस मोजणारा कारकून आलाच. मिनेसोटा गार्डची सुमारे २,६०० सैनिकांची ब्रिगेड २००७ मध्ये इराकहून परतली. तेथे तिने सलग सोळा महिने काढले होते. एका केंद्रीय शिक्षणलाभासाठी ७३० दिवसांचा हुकूम लागत होता. जवळजवळ निम्म्या सैनिकांच्या कागदावर ७२९ दिवस लिहिलेले निघाले! ओरड झाली तेव्हा लष्कराने कागद दुरुस्त करण्याचे मान्य केले. २०२० मध्ये कोरोनाच्या कामाला जुंपलेल्या गार्ड सैनिकांच्या बाबतीत तेच. हुकूम २४ जूनला संपणार होता आणि त्या दिवशी अनेकांचे ८९ दिवस भरत होते. शिक्षणलाभाला लागत होते ९०. बोंबाबोंब झाल्यावर मुदत ऑगस्टपर्यंत वाढली. दोन्ही वेळा नेमका एकच दिवस कसा कमी पडतो, हे वाचकांनीच ठरवावे.

या वाटेने जातो कोण? श्रीमंताचा मुलगा फीसाठी कवायत करत नाही. लष्करात काळ्यांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येतील वाट्याहून अधिक आहे, हे उघड सत्य आहे. आणि लढून आल्यावर त्यांना काय मिळाले? दुसऱ्या महायुद्धातील सैनिकांसाठी १९४४ चा प्रसिद्ध ‘जी.आय.’ कायदा झाला. शिक्षण, घर, धंदा सगळ्याची सोय त्यात होती. कायद्यात रंगाचा उल्लेख नव्हता. पण अंमलबजावणी स्थानिक बँका, कॉलेजे आणि अधिकाऱ्यांच्या हाती सोपवली गेली. १९४७ च्या उन्हाळ्यापर्यंत मिसिसिपी राज्यात या कायद्याच्या हमीवर ३,२२९ कर्जे दिली गेली. त्यांतली काळ्या सैनिकांना मिळाली फक्त दोन! दक्षिणेतील गोऱ्या विद्यापीठांची दारे बंद होती आणि काळ्यांच्या मोजक्या कॉलेजांत जागा नव्हत्या. कायदा चांगला आणि राबवणारे हात जातीचे, हा अनुभव आपल्याला नवा नाही.

आता अलीकडचे पाहा. २९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांच्या प्रवेशात वंशाचा विचार करणे घटनाबाह्य ठरवले. निकालाच्या एका तळटीपेत मात्र लष्करी अकादमींचा प्रश्न उघडा ठेवला. त्यावर न्यायमूर्ती केतांजी ब्राउन जॅक्सन यांनी विरोधी मतात बोट ठेवले: काळ्यांना खंदकात यशस्वी करायचे, कंपनीच्या संचालकांच्या दालनात नाही, असाच याचा अर्थ. दुसऱ्याच दिवशी, ३० जूनला, त्याच न्यायालयाने बायडेन सरकारची विद्यार्थीकर्जमाफी रद्द केली. सरकारने आधार घेतला होता २००३ च्या कायद्याचा. तो इराक युद्धाच्या वर्षी, सेवेवर बोलावलेल्या सैनिकांच्या कर्जाची काळजी घेण्यासाठी झाला होता, पण त्यात राष्ट्रीय आणीबाणीचाही उल्लेख होता. न्यायालय म्हणाले, तो इतका ताणता येत नाही. वंशाचा विचार गेला, कर्जमाफी गेली, आणि गरिबाच्या पोरापुढे भरती कार्यालयाचे दार तेवढे सताड उघडे राहिले. पुढे २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने लष्करी अकादमींच्या प्रवेशातूनही वंशाचा विचार काढून टाकला.

या अमेरिकेतच बाबासाहेब शिकले, आणि तेही बंधपत्रावरच. १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांनी केला होता. १९१७ मध्ये ते तो पाळायला गेले. महाराजांचे लष्करी सचिव म्हणून नेमणूकही झाली. पण त्या पदावरच्या माणसाला बडोद्यात राहायला खोली मिळाली नाही, कचेरीतले शिपाई फायली लांबून टाकत, आणि त्यांना शहर सोडावे लागले. करार करणारे संस्थान करारापुरतेच उदार होते. तो पाळण्यासाठी लागणारी माणुसकी त्या करारात लिहिलेली नव्हती.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, १९४४ मध्ये, अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. तिला ना नोकरीची अट होती, ना भरतीची. ती आज वेळेवर मिळत नाही, आपले कार्यकर्ते तिच्यासाठी समाजकल्याण कार्यालयाच्या पायऱ्या झिजवतात, हे खरे. पण तिथला कारकून जातीचा दाखला मागतो, उत्पन्नाचा दाखला मागतो; किती दिवस बंदूक खांद्यावर होती, हे विचारत नाही.