विद्युत्-देहाची कल्पना आणि विज्ञानकथेतील संभाव्यता

विज्ञानसाहित्याच्या समीक्षेत दोन टोकांच्या भूमिका वारंवार आढळतात. कथेतील कल्पना विज्ञानाच्या कसोटीस उतरत नाही, एवढ्यावरूनच तिला बाद ठरविणारी एक. आणि साहित्य हे अखेर कल्पित असल्याने तेथे विज्ञानाची चौकशी करणेच अप्रस्तुत मानणारी दुसरी. या दोन्ही भूमिका विज्ञानकथेवर अन्याय करणाऱ्या आहेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मानवी देहातून वीज निर्माण होण्याची कल्पना या दृष्टीने तपासून पाहण्याजोगी आहे.

या कल्पनेला इतिहासाचा भक्कम आधार आहे. लुइजी गॅल्व्हानी याने बेडकाच्या स्नायूंवरील आपले प्रयोग १७९१ साली प्रसिद्ध केले. त्याची 'प्राणिज विजे'ची उपपत्ती अलेस्सांद्रो व्होल्टा याने नाकारली. परंतु १८०० साली सिद्ध केलेल्या आपल्या घटमालेची तुलना त्याने स्वतःच टॉर्पेडो माशाच्या विद्युत्-अवयवाशी केली. १८०३ साली जिओव्हानी आल्दिनी याने लंडनमध्ये फाशी गेलेल्या कैद्याच्या प्रेतावर विजेचे प्रयोग करून दाखविले. मेरी शेलीची 'फ्रँकेन्स्टाइन' (१८१८) ही कादंबरी याच वैचारिक वातावरणात जन्मास आली. देह आणि वीज यांचे नाते असे विज्ञानकथेच्या उगमापाशीच जुळलेले आहे.

निसर्गाने हे सामर्थ्य प्रत्यक्षात दिलेले आहे, परंतु त्याची किंमत वसूल करून. दक्षिण अमेरिकेतील विद्युत्-ईलच्या एका जातीत ८६० व्होल्टपर्यंत दाब मोजला गेल्याचे २०१९ साली प्रसिद्ध झाले. या माशाची एक विद्युत्-पेशी जेमतेम एक दशांश व्होल्टच्या आसपास दाब निर्माण करते. म्हणून अशा हजारो पेशी एकापुढे एक रचाव्या लागतात. त्यांच्यासाठी या माशाने देहाचा बहुतांश भाग खर्ची घातला असून पचनादी इंद्रिये डोक्यालगतच्या थोड्या जागेत सामावली आहेत. शिवाय विजेचा परिपथ पूर्ण होतो तो सभोवतालच्या पाण्यातून. माशांच्या निरनिराळ्या कुळांत असे अवयव स्वतंत्रपणे विकसित झाले. भूचरांत मात्र ते आढळत नाहीत. कोरड्या हवेचे केवळ एक सेंटिमीटर अंतर ओलांडावयाचे, तर सुमारे ३० हजार व्होल्ट लागतात. तेव्हा बोटांच्या टोकांतून दूरवर वीज फेकणारा नायक या हिशेबात बसत नाही, हे उघड आहे.

परंतु येथे थांबणे म्हणजे समीक्षा नव्हे. नाओमी आल्डरमन यांच्या 'द पॉवर' (२०१६) या कादंबरीत स्त्रियांच्या गळपट्टीच्या हाडांलगत वीज निर्माण करणारा स्नायूंचा एक पट्टा विकसित होतो. विद्युत्-अवयव बहुतेक माशांत स्नायुपेशींपासूनच घडले असल्याने ही निवड शास्त्राला धरून आहे. एवढ्याशा पट्ट्यातून माणसास ठार करणारी वीज मिळावी आणि हा बदल एका पिढीत जगभर व्हावा, हे मात्र संभवनीय नाही. लेखिकेने उगमापाशी सत्य राखले आणि परिमाणात सूट घेतली, असे म्हणता येईल.

ही सूट क्षम्य का मानावी? कारण सामर्थ्य एकदा अवयवाच्या ठिकाणी वसविल्यावर लेखिका त्याचे परिणाम टाळीत नाही. हे बळ सर्वांत सारखे नसते. ते वापरण्यास शिकावे लागते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ते देहाचा भाग असल्याने शस्त्रक्रियेने काढून घेता येते. रॉक्सी या पात्राचा हा पट्टा तिचे स्वतःचे कुटुंबीय कापून घेतात आणि तो तिच्या भावाच्या देहात बसविला जातो. योग्याची सिद्धी किंवा ऋषीचा शाप अशा रीतीने चोरता येत नाही. सत्तेचे शारीर आणि म्हणूनच नाशवंत असणे हा या प्रसंगाचा आशय आहे, व तो जीवशास्त्रीय गृहीतातूनच उद्भवतो. याउलट, १९६४ साली अमेरिकी चित्रकथेत अवतरलेल्या 'इलेक्ट्रो' या खलनायकास तारांवर काम करताना अंगावर वीज पडून शक्ती प्राप्त होते. ही वीज जुन्या अद्भुतातील वरदानाचेच काम करते; तिला विज्ञानाचे केवळ नाव मिळाले आहे.

एच. जी. वेल्स यांनी १९३३ साली आपल्या वैज्ञानिक अद्भुतकथांच्या प्रस्तावनेत, एका कथेत एकच अशक्य गोष्ट गृहीत धरावी आणि उर्वरित सर्व मानवी व्यवहार वास्तव ठेवावा, अशा आशयाचे सूत्र मांडले होते. त्यात एक भर घालावीशी वाटते. गृहीत धरलेल्या अशक्याचा जमाखर्चही लेखकाने चोख ठेवावा. हे सामर्थ्य देहात कोठे वसते, ते कशावर पोसले जाते आणि त्यापायी काय गमवावे लागते, हे प्रश्न भौतिकीचे आहेत तितकेच पात्रचित्रणाचेही आहेत. मराठी विज्ञानकथेच्या अभ्यासकांनी शास्त्रीय चुकांची यादी करण्यापेक्षा हे प्रश्न विचारावयास हवेत. त्यासाठी त्यांना विज्ञान अधिक काळजीपूर्वक वाचावे लागेल, आणि ती तसदी साहित्याच्या विद्यार्थ्याने घ्यावयाची नाही असे म्हणण्यास कोणतेही सबळ कारण दिसत नाही.