बांबूचं घर कच्चं कसं?



'आपले घर' शिकवताना आपण बहुतेक सगळेच फळ्यावर मधोमध रेघ मारतो. एका बाजूला पक्के घर : विटा, सिमेंट, लोखंड. दुसऱ्या बाजूला कच्चे घर : माती, गवत, बांबू. मीही दहा वर्षं हेच लिहीत आले. मागच्या वर्षी एका पावरा मुलाने विचारलं, "मॅडम, कच्चं म्हणजे पडणारं का? आमचं घर तर माझ्या आज्याने बांधलंय." त्याचे आईवडील केळीच्या कामाला चोपड्याकडे येतात. घर मात्र वर सातपुड्यात, बांबूच्या कुडाचं, शेणमातीने लिंपलेलं. मला उत्तर सुचलं नाही. मी पान उलटलं.

एकट्या फळ्याचा दोष नाही म्हणा. सरकारी मोजणीतही बांबूची भिंत कच्च्यातच धरतात. कायद्याची तर गंमतच होती. १९२७ च्या वन कायद्यात बांबू हे 'झाड' होतं. त्यामुळे स्वतःच्या शेतातला बांबू तोडायचा, न्यायचा तरी परवानगीची कटकट. २०१७ मध्ये दुरुस्ती झाली आणि जंगलाबाहेरचा बांबू त्यातून सुटला. खरं तर बांबू गवतच. ऊस, ज्वारी यांचा भाऊबंद.

मग गवत एवढं मजबूत कसं? हे वर्गात दाखवता येतं. वहीचा एक कागद उभा धरा, त्यावर पुस्तक ठेवा. कागद वाकतो. त्याच कागदाची नळी करून दोरा बांधा, आता पुस्तक उभं राहतं. बांबू म्हणजे अशी नळी. शिवाय मधे मधे पेरं असतात, त्यांच्या आतल्या पडद्यांमुळे नळी चेपत नाही. मजबूत तंतू बाहेरच्या सालीकडे दाट असतात, म्हणजे वाकताना जिथे ताण जास्त तिथेच. वजनाला वजन धरलं, तर ओढ सोसण्यात बांबू साध्या पोलादाला हार जात नाही. आपल्या केळीवाल्यांना हे सांगावं लागत नाही. घडाच्या ओझ्याने झुकलेल्या झाडाला ते बांबूचाच टेकू देतात.

भूकंपाचं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. १९९३ साली किल्लारीला माणसं गेली ती बहुतेक दगडमातीच्या जाड, जड भिंतींखाली. त्याआधी दोन वर्षं, १९९१ मध्ये, कोस्टारिका देशात मोठा भूकंप झाला. तिथे केंद्राजवळची बांबूची नवी घरं उभी राहिली. बांबू हलका असतो आणि वाकतो. २०२३ मध्ये तर विदर्भात वणी-वरोरा महामार्गावर २०० मीटरचा बांबूचा कठडा बसवला. त्याची चाचणी इंदूरजवळ पिथमपूरला झाली.

पण आंधळं कौतुकही नको. आमच्या परसबागेचं कुंपण मी हौसेने बांबूचं केलं आणि वर्षभरात भुंग्याने त्याचं पीठ केलं. चूक माझी. कोवळा, गोड रसाचा बांबू तोडून आणला होता. बांबू एका पावसाळ्यात पूर्ण उंच होतो, पण टणक व्हायला तीन-चार वर्षं लागतात. पावसाळा सरल्यावर तोडायचा, पाण्यात भिजत ठेवायचा म्हणजे आतली साखर निघून जाते. नाहीतर बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवायचा. घराला दगडी जोतं आणि रुंद वळचण हवी, म्हणजे ओल लागत नाही. खिळा ठोकला की तो चिरतो, म्हणून बांधायचा किंवा भोक पाडून बोल्ट घालायचा. आगीची भीतीही खरीच.

हे सगळं त्या मुलाच्या आज्याला बरंचसं माहीत असणार, आणि आपण त्यालाच 'कच्चं' म्हणतो. सिमेंट वाईट असं मी म्हणत नाही, माझंही घर सिमेंटचंच आहे. पण जगाच्या कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा साधारण ८ टक्के आहे. उलट बांबूचं बेट कापलं तरी पुन्हा फुटतं. आणि एप्रिलमध्ये आपल्या जळगाव-धुळ्याकडच्या पत्र्याच्या खोलीत ज्याने सकाळची शाळा घेतलीय, त्याला 'पक्कं' या शब्दाचा अर्थ वेगळा सांगायला नको.

यंदा जूनमध्ये मी फळ्यावर रेघ मारणार नाही. घरांची नावं भिंतीवरून लिहीन : विटांचं, धाब्याचं, कुडाचं, पत्र्याचं. प्रत्येकापुढे मुलांना दोन प्रश्न विचारीन. उन्हाळ्यात आत कसं वाटतं? आणि बिघडलं तर घरातलं कोण दुरुस्त करतं?