स्वस्त चित्रपट, महाग अवधान

जी वस्तू मुबलक, तिची किंमत उतरते आणि जी दुर्मिळ, तिची चढते, हा अर्थशास्त्रातील प्राथमिक सिद्धान्त होय. चित्रपटांच्या बाबतीत आज त्याचा नेमका प्रत्यय येत आहे. एकेकाळी परदेशी अभिजात चित्रपट पाहावयाचा, तर १९६८ साली मुंबईत स्थापन झालेल्या प्रभात चित्र मंडळासारख्या संस्थेचे सभासद व्हावे लागे आणि रिळे येण्याची वाट पाहावी लागे. आज असे कितीतरी चित्रपट घरबसल्या मिळतात. दुर्मिळ झाले आहे ते पाहणाऱ्याचे अवधान. माहितीची सुबत्ता अवधानाचे दारिद्र्य निर्माण करते, हा विचार हर्बर्ट सायमन या अमेरिकन विचारवंताने १९७१ सालीच मांडला होता. दिवाणखान्यात चार माणसे आणि चौघांच्या हाती चार पडदे, हे त्या दारिद्र्याचे घरगुती रूप आहे.

त्यावर एक अल्पखर्चाचा उपाय आहे. महिन्यातून एका शनिवारी रात्री शेजारी, सहकारी, विद्यार्थी अशा आठ-दहा जणांना घरी बोलवावे, दिवे मालवावेत आणि एक जुना चित्रपट सलग पाहावा. १९८०च्या दशकात वर्गणी काढून व्हिडिओ भाड्याने आणणाऱ्या आपल्या चाळींना ही प्रथा परकी नव्हती.

प्रारंभासाठी बिली वाइल्डर यांचा १९४४ सालचा 'डबल इन्डेम्निटी' निवडावा. युद्ध संपताच फ्रान्समध्ये अमेरिकन चित्रपट पुन्हा येऊ लागले, तेव्हा त्यांतील अशा काळोख्या गुन्हेगारी कथांना निनो फ्रँक या फ्रेंच समीक्षकाने १९४६ साली 'फिल्म न्वार', म्हणजे काळा चित्रपट, असे नाव दिले. या चित्रपटांना अंधार हवाच. जॉन साइट्झ यांच्या छायाचित्रणात खिडकीच्या पट्ट्यांच्या सावल्या माणसांच्या अंगावर तुरुंगाच्या गजांसारख्या पडतात. दिवा चालू ठेवून पाहणाऱ्यास त्या निम्म्याही दिसणार नाहीत.

जुना, कृष्णधवल, त्यात इंग्रजी. तरुण मंडळी कंटाळतील, असा आक्षेप घेतला जाईल. तो टिकणारा नाही. गुन्हेगार कोण, हे येथे आरंभीच कळते. उत्कंठा आहे ती तो कसा सापडतो याची. संवाद जलद असल्याने उपशीर्षके मात्र लावावीत, आणि विशिष्ट अपघातांत विम्याची रक्कम दुप्पट देणारे कलम म्हणजे काय, हे यजमानाने प्रथम दोन मिनिटांत सांगावे.

शिक्षक व कारकून वर्गाने हा चित्रपट पाहावा, याचे आणखी एक कारण आहे. ही विमा कचेरीची कथा आहे. वॉल्टर नेफ हा विमा विक्रेता सर्व नियम जाणतो आणि म्हणूनच ते मोडू पाहतो. कुंपणानेच शेत खाण्याचा हा प्रकार आपल्या बँकांना व पतपेढ्यांना अपरिचित नाही. त्याच्यासमोर उभा आहे दाव्यांची छाननी करणारा कीज. तो नेफला आपला मदतनीस होण्यास सांगतो. पगार पन्नास डॉलरांनी कमी, पण काम मोलाचे. टेबलावरील प्रत्येक कागदामागे जिवंत माणसे असतात, अशी कीजची श्रद्धा आहे. पाय मोडला असताना मृताने विम्याची रक्कम का मागितली नाही, या क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नावर तो थबकतो. कारकुनी कामाची अशी प्रतिष्ठा पडद्यावर क्वचितच दिसते.

म्हणून चित्रपट संपताच मंडळींना उठू देऊ नये. आतल्या माणसावर लक्ष कोणी ठेवावे? तपासणीच्या नियमांनी हे काम भागते, की कीजसारखी माणसेच लागतात? अर्धा तास यावर बोलणे व्हावे. चित्रपट एकशेसात मिनिटांचा. चहा-चिवड्यासह सारा कार्यक्रम तीन तासांत आटोपतो. इतका वेळ आपण रोज तुकड्यातुकड्यांनी उधळतोच. तो महिन्यातून एकदा एकत्र बसून खर्च करावा आणि त्या तीन तासांपुरते सर्वांचे भ्रमणध्वनी दाराजवळच्या टोपलीत ठेवण्याचा नियम यजमानाने स्वतःपासून सुरू करावा.